रडीचा डाव आणि लिंबूटिंबू

आमच्या बालवाडीसमोर थोडी मोकळी जागा आहे. संध्याकाळी तिथे गल्लीतली पोरं क्रिकेट खेळतात. परवा एक सहा वर्षांचा मुलगा पहिल्याच चेंडूवर आउट झाला. स्टंप म्हणून उभी केलेली फळी पडली, ती सगळ्यांनी पाहिली, त्यानेही पाहिली. तरी तो म्हणाला, "ट्रायल बॉल होता." कुणी मानेना. मग "मी नाही खेळत जा!" म्हणत त्याने बॅट काखेत मारली आणि तो घराकडे निघाला. बॅट एकच, तीही त्याची. मागून एका सुरात आरोळी आली, "रडीचा डाव! रडीचा डाव!" पायरीवर बसलेल्या एका आजोबांना राहवेना. "अरे, लहान आहे तो, द्या की एक चान्स," म्हणत ते उठायला लागले. मी म्हटलं, "काका, थांबा जरा."

सातआठ मिनिटं गेली. तोवर पोरांनी एक दांडकं शोधून खेळ चालू ठेवला होता. मुलगा कोपऱ्यावरून परत आला. डोळे पुसलेले, बॅट अजून काखेतच. कुणी माफी मागितली नाही, कुणी समजूत काढली नाही. त्यांच्यातला सर्वांत मोठा, दहाएक वर्षांचा मुलगा नुसता म्हणाला, "जा, तिकडे गटाराजवळ फिल्डिंगला." तो गेला. जाता जाता बॅट दुसऱ्याच्या हातात दिली.

एवढ्या वेळात त्या पोराच्या मनात काय काय होऊन गेलं ते बघा. हरल्याची लाज, ती झाकायला मारलेली थाप, थाप चालली नाही म्हणून आलेला राग, बॅटच्या मालकीचा धाक, मग आपल्यावाचून खेळ चाललाय हे पाहून लागलेली टोचणी, आणि शेवटी सगळं गिळून परत फिरणं. मोठ्या माणसांनाही यातलं शेवटचं जमतंच असं नाही. इतरांनी त्याला मदत केली ती एवढीच, की परत यायची वाट मोकळी ठेवली. याच गोष्टीसाठी शहरांतून आता चार ते सहा वर्षांच्या मुलांचे 'भावनिक बुद्धिमत्ते'चे वर्ग निघाले आहेत. शनिवार-रविवार, एसी खोलीत, फी आगाऊ.

माझं म्हणणं सरळ आहे. लहान मुलांना भावना सांभाळायला शिकवायचा वेगळा विषय काढू नका. ते शिक्षण खेळात आहे. आपल्याकडच्या पोरांच्या खेळांत तर ते पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं आहे. त्याला लागतो भरपूर वेळ, थोडी जागा, लहानमोठ्या वयाची चार पोरं आणि हाकेच्या अंतरावर एक समजूतदार मोठं माणूस. या गोष्टी आपण एकेक करून काढून घेतल्या आणि रिकाम्या झालेल्या भिंतीवर तक्ते लावले.

तक्त्यांबद्दल आधी बोलते, कारण ते रोज डोळ्यांत खुपतात. गोल पिवळे चेहरे, खाली लिहिलेलं: हॅपी, सॅड, अँग्री, स्केअर्ड. सकाळी आल्यावर मुलाने आपला चेहरा ओळखून त्यावर चिमटा लावायचा. कल्पना वाईट नाही. भावनेला नाव मिळालं की ती थोडी हातात येते, हे खरंच आहे. पण नावं चारच? तीही इंग्रजी? रुसलेलं मूल 'अँग्री' असतं का? राग आलेल्याला समोरच्याने दूर व्हावंसं वाटतं. रुसलेल्याला समोरच्याने जवळ यावंसं वाटतं. रुसवा ही भावना समोरच्याला कामाला लावते. कुणीतरी येऊन रुसवा काढायचा असतो, आणि तो काढेपर्यंत रुसणाऱ्याला एका डोळ्याने दाराकडे बघत बसायचं असतं. हिरमुसणं, खट्टू होणं, गाल फुगवून बसणं, ओशाळणं, वरमणं, कावरंबावरं होणं, हेवा वाटणं, हुरूप येणं. ही आपल्या घरातली नावं. माझ्याकडे एक साडेचार वर्षांची मुलगी होती, तिला आदल्या शाळेत 'आय अ‍ॅम सॅड' म्हणायला शिकवलं होतं. तिचा डबा सांडला तरी सॅड, मैत्रीण आली नाही तरी सॅड, बाबा गावाला गेले तरी सॅड. दोनेक महिने भातुकलीत मोठ्या मुलींबरोबर बसल्यावर एकदा ती दुसरीला म्हणाली, "अगं तिच्याशी बोलू नको आत्ता, ती हिरमुसलीये." तिला हा शब्द मी शिकवला नव्हता.

आता खेळांकडे येऊ. 'चिमणी उडाली भुर्र' तुम्ही खेळला असालच. सगळ्यांची बोटं जमिनीवर, एक जण म्हणतो: चिमणी उडाली भुर्र, बोटं वर. कावळा उडाला भुर्र, बोटं वर. मग त्याच सुरात: म्हैस उडाली भुर्र! ज्याचं बोट वर गेलं तो फसला. आता हेच मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत कसं करतात ते पाहा. पडद्यावर एक खूण आली की बटण दाबायचं, दुसरी आली की हात आवरायचा. लहान मुलाला स्वतःला किती आवरता येतं हे मोजायची ही जगभर रुळलेली रीत आहे. तळ्यात-मळ्यात तेच, स्टॅच्यू तेच. फरक इतकाच की प्रयोगशाळेत मूल दहा मिनिटांत कंटाळतं आणि ओसरीवर आजी दमते तरी पोरं "अजून एकदा" म्हणत राहतात. अंगात आलेली उसळी क्षणभर थोपवणं हे राग आवरण्याचंही मूळ आहे. हात उगारल्यावर जो खाली आणता येतो, त्याची तालीम म्हशीला जमिनीवर ठेवण्यातच कुठेतरी होत असावी.

सोव्हिएत रशियात मनुइलेन्को नावाच्या संशोधकाने 1940 च्या दशकात एक साधा प्रयोग केला होता. तीन ते सात वर्षांच्या मुलांना सांगितलं, हलू नका, उभे राहा. लहानांना ते फार वेळ जमलं नाही. मग खेळ मांडला: तू पहारेकरी, हा कारखाना, तू राखण करतोयस. तीच मुलं कितीतरी जास्त वेळ हलली नाहीत, आणि भोवती खेळातले सोबती असले की आणखी जास्त. या विचाराचं मूळ तिथलेच मानसशास्त्रज्ञ लेव व्हिगॉत्स्की यांच्याकडे आहे. 1933 च्या व्याख्यानात त्यांनी म्हटलं होतं की खेळात मूल जणू स्वतःपेक्षा डोकंभर उंच असतं. मला त्यांचं दुसरं निरीक्षण जास्त आवडतं. खेळात 'पेशंट' झालेलं मूल पेशंट म्हणून रडतं आणि त्याच वेळी खेळणारं म्हणून मजेत असतं. एकाच वेळी भावनेच्या आत आणि बाहेर. मोठेपणी आपण याला समजूत म्हणतो.

हे रोज पाहायला मिळतं. लसीकरणाचा दिवस झाला की पुढचे चार दिवस बालवाडीत दुसरा खेळ नसतो. काडी घ्यायची आणि दिसेल त्याच्या दंडात टोचायची. बाहुलीला, टेडीला, मला, पाणी द्यायला आलेल्या मावशींना. "दुखणार नाही हं, मुंगी चावल्यासारखं होईल," असं अगदी नर्सबाईंच्या आवाजात सांगायचं. ज्या मुलाने दवाखाना डोक्यावर घेतला होता तोच सर्वांत निर्दय डॉक्टर होतो. पहिल्या दिवशी तो नुसता टोचत सुटतो. दुसऱ्या दिवशी टोचल्यावर कापूस लावतो. चौथ्या दिवशी कुणीतरी त्याला गोळी देण्याचं काम लावतं आणि खेळ दुकान-दुकानाकडे वळतो. मी मध्ये पडून "बाळा, तुला दवाखान्यात भीती वाटली होती का?" असं विचारलं असतं तर त्याने मान हलवली असती आणि काडी टाकून दिली असती.

भातुकलीत तर घरच बोलतं. धाकटं भावंड झालेली एक मुलगी रोज आई व्हायची आणि बाहुलीला कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसवायची. "तू इथेच बस, मला काम आहे." एका नव्या ताईने तिला टोकलं, "असं करतात का? बाळाला जवळ घे." मुलीने बाहुली जवळ घेतली, आणि दुसऱ्या दिवसापासून भातुकलीत बसणंच सोडलं. आम्ही तिचा राग ठेवायची एकमेव जागा बंद करून टाकली होती. नंतर त्या ताईनेच ते सुधारलं. तिने जाऊन त्या कोपऱ्यातल्या बाहुलीशेजारी दुसरी बाहुली आणून ठेवली आणि काही न बोलता उठून आली. संध्याकाळपर्यंत दोघी बाहुल्यांचा स्वयंपाक सुरू झाला होता. मोठ्या माणसाने खेळात किती आणि कसं शिरावं याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

इथे एक प्रामाणिक कबुली द्यायला हवी. खेळाचा पुरस्कार करणारे आम्ही लोक कधी कधी फार मोठे दावे करतो. 2013 मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अँजेलिन लिलार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'खोटं खोटं' खेळण्यावरच्या संशोधनाचा कसून आढावा घेतला. अशा खेळामुळेच मुलांची सर्जकता, स्वनियंत्रण वगैरे वाढतं हे ठामपणे सांगण्याइतका पुरावा नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो वाचून मी चार दिवस अस्वस्थ होते. पण त्यातून मला उलट एक गोष्ट उमगली. खेळ हा औषधाचा डोस नाही. रोज वीस मिनिटं दिला की स्वनियंत्रण इतके टक्के वाढेल, असा हिशेब मांडायला गेलं की तो हातातून निसटतो. खेळ हे मुलाचं जगणं आहे, आणि भावना तिथे घडतात म्हणून तिथेच सांभाळायला शिकता येतात. पोहायला पाण्यातच शिकतात हे सिद्ध करायला कुणी पाण्याची मात्रा मोजत नाही.

आणि खेळ आपोआप चांगलाच असतो असंही नाही. चष्मा लावणाऱ्याला 'ढापण्या' खेळातच म्हणतात. एखाद्या पोराला महिनाभर कुणी खेळात घेत नाही, आणि का घेत नाही ते गावात सगळ्यांना ठाऊक असतं. त्यात कधी आडनाव असतं, कधी वस्ती. म्हणून मी हाकेच्या अंतरावरच्या मोठ्या माणसाचा आग्रह धरते. आजोबांना मी थांबवलं ते त्या दिवशी. त्याच जागेवर चार मोठी पोरं एका लहानग्याला रोजच शेवटी उभं करताहेत असं दिसलं असतं तर मीच पुढे झाले असते.

तरीही पोरांचे स्वतःचे कायदे बघितले की थक्क व्हायला होतं. कुणावर राज्य येणार हे ठरवायला तळहात पालथे-उताणे टाकून एकेक जण सुटत जातो. वशिला चालत नाही. ज्याच्या मागे सगळे लपतात, ज्याला सगळे फसवतात, जो त्या क्षणी जगात एकटा असतो, त्याच्यावर 'राज्य' आहे असं मराठी मुलं म्हणतात. हा शब्द कुणी शोधून काढला असेल त्याला राज्यकर्त्यांची चांगली ओळख असणार. डबा ऐसपैसमध्ये डबा पुन्हा पुन्हा उडवला जातो, राज्य सुटतच नाही, डोळ्यांत पाणी यायला लागतं, तेव्हा मूल काय करतं? एक तर रडीचा डाव खेळून उठतं, नाहीतर दात ओठ खाऊन आणखी एक फेरी घेतं. दोन्हीपैकी काही निवडावं लागतं, आणि दोन्हीचे परिणाम दुसऱ्याच मिनिटाला समोर येतात. 'टाइमप्लीज' आहेच. बूट निसटला, गुडघा खरचटला, श्वास फुलला, की मूठ वर करून म्हणायचं. समोरचा कितीही जवळ आला असला तरी थांबतो. रागाच्या भरात क्षणभर थांबा, असं मोठ्यांच्या कार्यशाळेत जे सांगतात ते हेच. पोरांकडे त्याला एक शब्द आहे आणि तो सगळे पाळतात.

पण या सगळ्यांत मला लिंबूटिंबू सर्वांत थोर वाटतो. कुठे त्याला कच्चा लिंबू म्हणतात. ताईच्या किंवा दादाच्या शेपटासारखं आलेलं तीन-चार वर्षांचं पोर. त्याला खेळात घेतलेलं असतं, ते पळतं, ओरडतं, लपतं, पण त्याच्यावर राज्य येत नाही. आउट झालं तरी आउट नाही. त्याला हे कळतं का? अर्धवट कळतं, आणि त्या अर्धवटपणातच सगळी गंमत आहे. वर्षभर हरण्याच्या इतक्या जवळ राहून न हरता खेळायला मिळतं. दुसऱ्यांवर राज्य आलं की ते कसे चिडतात, कसे सावरतात, हे त्याला आतून बघायला मिळतं. आणि एके दिवशी ते स्वतःच जाहीर करतं, "मी लिंबूटिंबू नाहीये आता." पहिल्यांदा राज्य येतं तेव्हा रडतंही. शिक्षणशास्त्राने कितीही जड शब्द आणले तरी याहून नेटकी योजना मी पाहिलेली नाही. उलट्या बाजूने दहा वर्षांच्या मुलालाही शिकायला मिळतं, की दुबळ्याला सोबत घेऊनही खेळ रंगतो.

आता सांगा, ज्युनियर केजीच्या वर्गात लिंबूटिंबू कसा होणार? सगळी मुलं एका वयाची, जन्मतारखेत फरक असेल तर महिन्यांचा. सगळेच कच्चे किंवा सगळेच पक्के. घरी एकच मूल, शेजारच्या फ्लॅटचं दार बंद. सोसायटीच्या खाली गाड्या उभ्या आणि भिंतीवर पाटी, 'येथे खेळण्यास सक्त मनाई आहे'. संध्याकाळी पाच ते सहा स्केटिंग, सहा ते सात अ‍ॅबॅकस. क्लासमध्ये चिडलेल्या मुलाला परत यायला सातआठ मिनिटं कोण देणार? तिथले सर फोन करून पालकांना बोलावतात.

घरातल्या मोठ्यांच्या सवयींवरही थोडं. मूल धडपडलं की आजी जमिनीला चापट मारते, "हत् रे! माझ्या सोन्याला पाडतेस?" मूल रडायचं थांबतं, कारण गुन्हेगार सापडला. दुसऱ्या घरात म्हणतात, "पडलास? बघ, मुंगी मेली!" मूल खाली वाकून मुंगी शोधायला लागतं. दोन्ही युक्त्या मी लहानपणी अनुभवल्या आहेत, दोन्हींत माया आहे. पण पहिलीत मूल शिकतं की दुखलं की कुणाला तरी मारायचं. दुसरीत निदान खेळ आहे, शोध आहे. दुःखाकडून नजर हलते आणि कुणावर सूड निघत नाही. मला विचाराल तर मी मुंगीच्या बाजूची. हल्ली तिसरी रीत आली आहे: राग आला की उशीला बडव, राग निघून जाईल. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बॅण्डुरा यांच्या 1961 च्या बाहुलीच्या प्रयोगाची आठवण अशा वेळी होते. मोठ्या माणसाने हवा भरलेल्या बाहुलीला बडवताना ज्या मुलांनी पाहिलं, त्यांनी नंतर तसंच बडवलं, अगदी त्याच शब्दांसकट. बडवायला शिकवलं की मूल बडवायला शिकतं. कबड्डीत दम लागेपर्यंत झोंबणं वेगळं. तिथे समोर माणूस असतो आणि नियम असतो.

हा प्रश्न घरापुरता नाही, म्हणून मी हे लिहिते आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं काय करायचं याबद्दल आपला समाज आणि सरकार दोघंही अनेक दशकं एक बोलतात आणि दुसरं करतात. शिक्षणहक्क कायदा 2009 चा, तो सहा वर्षांपासून लागू. त्याआधीच्या मुलांसाठी कायद्याची भाषा अशी, की सरकार व्यवस्था 'करू शकेल'. 1993 मध्ये प्राध्यापक यशपाल यांच्या समितीने दप्तराच्या ओझ्यावर अहवाल दिला. त्यात बालवाड्यांतल्या औपचारिक लेखन-वाचन-गणिताच्या माऱ्याला मुलांवरची हिंसा म्हटलं होतं, आणि नर्सरीच्या प्रवेशासाठी परीक्षा-मुलाखती बंद करा असं सांगितलं होतं. तीस वर्षं उलटून गेली. माझ्याकडे आजही साडेतीन वर्षांच्या मुलाचे आईवडील येऊन विचारतात, "तुमच्याकडे कर्सिव्ह कधी सुरू करता?"

कागदावर मात्र आता सगळं खेळाच्याच बाजूने आहे. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एक पायाभूत टप्पा मानला, 2022 मध्ये त्या टप्प्याचा अभ्यासक्रम आराखडा आला, 2023 मध्ये 'जादुई पिटारा' नावाची खेळण्यांची पेटी आली. मी आराखडा वाचला, बराचसा चांगला आहे. माझी शंका दुसरीच. वर्गात येईपर्यंत 'खेळातून शिक्षण' याचा अर्थ होतो उडी मारत 'क'ला काना 'का' म्हणणं. ती कडू गोळीवरची साखर झाली. खेळ कुठे सुरू करायचा, कधी सोडायचा, नियम कोणते आणि ते मोडले तर काय, हे मुलं ठरवत नसतील तर तिथे रडीचा डावच होऊ शकत नाही, आणि ज्या खेळात रडीचा डाव होऊ शकत नाही त्यात भावना शिकायच्या कशावर?

पालकांची भीती मी हसण्यावारी नेत नाही. पहिलीत मूल मागे पडलं तर? अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या इप्सिलांटी गावात 1967 च्या सुमाराला गरीब घरांतल्या 68 मुलांना तीन तऱ्हेच्या बालवाड्यांत घातलं होतं. एकीत थेट पाठ घेऊन शिकवणं, एकीत नेहमीचा खेळाचा वर्ग, एकीत मुलांनी आज काय करायचं ते ठरवायचं, करायचं आणि मग त्याबद्दल बोलायचं. सुरुवातीला तिन्ही गटांची बुद्ध्यांक चाचणीतली वाढ साधारण सारखीच होती. फरक दिसला ती मुलं 23 वर्षांची झाल्यावर. थेट पाठवाल्या गटातल्यांना भावनिक अडचणींसाठी जास्त उपचार घ्यावे लागले होते, आणि गंभीर गुन्ह्यांतल्या अटकाही त्यांच्यात जास्त होत्या. 68 मुलं म्हणजे फार थोडी, यावरून जगाचा नियम काढू नये. पण कर्सिव्ह विचारणाऱ्या आईवडिलांना मी हे सांगते, कारण त्यांनी विचारलेल्या प्रश्नात 23 वर्षं कधीच नसतात. अक्षरं सहाव्या वर्षीही येतात.

महाराष्ट्राला तर हे बाहेरून शिकायचंही कारण नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला. मॉन्टेसोरीचं शास्त्र त्यांनी घेतलं, पण त्यात गोष्टी, गाणी, नाटकं यांना भरपूर जागा करून. खुद्द मॉन्टेसोरीबाईंना कल्पनेच्या राज्यातले खेळ फारसे पसंत नव्हते, हे इथे सांगायला हवं. 1945 मध्ये ताराबाई आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. तिथे वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत असं दिसल्यावर त्यांनी बालवाडीच वस्तीत, त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. पुढे जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर सहकारी अनुताई वाघ यांच्यासोबत गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा झाली. मुलं जिथे होती तिथे शाळा गेली. खडे, बिया, पानं, शिंपले हे साहित्य. महागड्या पेटीची वाट बघत कुणी थांबलं नाही.

मग 2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली. आज देशात सुमारे 14 लाख अंगणवाड्या आहेत, एकट्या महाराष्ट्रात एक लाखाहून जास्त. मुलांच्या भावनांची खरोखर काळजी असेल तर लक्ष तिथे द्यायला हवं, कारण शनिवार-रविवारच्या क्लासला जाणारी मुलं मूठभर आहेत. पण अंगणवाडीताईचा दिवस पाहा. वजनं, उंच्या, आहार, गरोदर मातांच्या भेटी, लसीकरणाच्या याद्या, आणि हे सगळं मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपमध्ये भरणं. त्यातून उरलेल्या वेळात पंचवीस मुलं. कोपऱ्यात तोंड करून बसवलेली बाहुली तिला दिसावी कशी? आणि दिसली तरी दुसरी बाहुली शेजारी नेऊन ठेवायला लागणारं स्वस्थ मन तिने आणावं कुठून? डिसेंबर 2023 मध्ये राज्यातल्या अंगणवाडीताई संपावर गेल्या, तो संप पन्नास दिवसांवर चालला. मागण्या मानधनाच्या, ग्रॅच्युइटीच्या, पेन्शनच्या होत्या. वर्तमानपत्रांतून त्याची चर्चा सरकारी खर्चाच्या अंगाने झाली. ती बालशिक्षणाच्या अंगाने व्हायला हवी होती. जिला स्वतःचा राग गिळून रोज हजेरी लावावी लागते तिच्याकडून आपण पंचवीस पोरांचे राग समजून घेण्याची अपेक्षा करतो.

तेव्हा माझ्या मागण्या साध्या आहेत, थोड्या खर्चिक आहेत. बालवाडीच्या आणि अंगणवाडीच्या दिवसात सलग तासभर तरी मोकळा खेळ असावा, ज्यात मोठ्यांचा 'उद्देश' नसेल. तीन ते सहा वर्षांची मुलं त्या तासाला एकत्र असावीत; वर्ग वेगळे ठेवायचे तर बाकीचा दिवस आहे. ताईला नोंदींच्या कामातून त्या तासापुरती तरी सुटका मिळावी आणि तिच्या हाताशी मदतनीस असावी. प्रशिक्षणात तक्ते कसे करावेत याऐवजी भांडण बघत कसं बसावं हे शिकवावं. ते फार अवघड असतं, हात शिवशिवतात. सोसायट्यांनी ती पाटी काढावी. मुलाचा खेळण्याचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातल्या 31 व्या कलमात आहे आणि भारताने तो करार 1992 मध्ये मान्य केला आहे, हे वार्षिक सभेत वाचून दाखवायला हरकत नाही. मी एकदा दाखवलं होतं. पार्किंगवर चर्चा पुढे गेली.

गेल्या आठवड्यात एका वडिलांनी वही उघडून माझ्यासमोर धरली. दोन महिने झाले, वही कोरी. "मॅडम, आज हिला काय शिकवलंत?" मी जरा आठवलं आणि म्हटलं, "आज हिच्यावर तीनदा राज्य आलं." त्यांना कळेना हसावं की चिडावं. मुलगी मध्येच म्हणाली, "तिसऱ्यांदा मी रडले नाही." वडिलांनी वही मिटली आणि तिला विचारलं, "कोण कोण सापडलं?" ती मोजायला लागली.